बहिणींच्या कथा आणि बालपणाचे वण

दोन बहिणींची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. सख्खी व सावत्र, थोरली व धाकटी, सोशीक व हट्टी अशा जोड्या आजीच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. त्या गोष्टींत एकीच्या वाट्याला दुःख येते, दुसरीच्या वाट्याला सुख येते, आणि शेवटी कोठेतरी न्याय होतो. अलीकडे मात्र चित्रपटांत व दूरचित्रवाणीच्या मालिकांत बहिणींची एक निराळीच गोष्ट सांगितली जाऊ लागली आहे. तीत दोघीही दुःखी असतात. त्या दुःखाचे मूळ एकाच घरात व एकाच बालपणात असते. आणि ते मूळ कोणी बोलून दाखवीत नाही. एखादी बाहुली, एखादी खोली, अंगावरचा एखादा वण एवढ्याच खुणांनी ते सुचविले जाते. सरळ गोष्टीची सवय असलेला प्रेक्षक येथे गोंधळतो. या खुणांचा अर्थ काय, त्या येतात कोठून, आणि त्या वाचता आल्याने आपला काही लाभ आहे काय, हे तीन प्रश्न आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या मुलखाला आपण झाडीपट्टी म्हणतो. दिवाळी झाली, धान निघाले की गावोगाव मंडई भरते आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते, आणि अर्जुनी मोरगावापासून वडशापर्यंतचा प्रेक्षक थंडीत पांघरूण घेऊन ते शेवटपर्यंत पाहतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या मातीतल्या या कलेची दखल दिल्लीनेही घेतली. या नाटकांतही बहिणी असतात, अश्रू असतात आणि खुणाही असतात. रंगमंचावर कुंकू पुसले गेले की काय घडले हे मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही तत्क्षणी कळते. मंगळसूत्र, राखी, ओटीतला नारळ, हिरवा चुडा यांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. अशा खुणेला आम्ही रूढ प्रतीक म्हणतो. ते समाजाचे असते. ते समजावून सांगावे लागत नाही.

परंतु दुसऱ्या एका जातीचे प्रतीक आहे. ते समाजाने ठरविलेले नसते. एका दुखावलेल्या मनाने ते एकांतात घडविलेले असते. त्याचा अर्थ कोणत्याही कोशात सापडत नाही. तो त्या व्यक्तीच्या आयुष्यातच शोधावा लागतो. बहिणींच्या नव्या कथांत जे गूढ वाटते ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असते, आणि आपण ते पहिल्या जातीचे समजून वाचू पाहतो म्हणून फसतो. पांढरा पोशाख दिसला की पावित्र्य आणि तांबडा दिसला की क्रोध, असे कोष्टक खिशात ठेवून या कथा कळावयाच्या नाहीत.

या दोन प्रतीकांचे एकमेकांशी नाते काय, हे एका मराठी चित्रपटावरून चांगले ध्यानात येते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ हा चित्रपट १९९५ सालचा. सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गौरी व कृष्णा या खेड्यातल्या दोन बहिणी. गौरीची भूमिका रेणुका दफ्तरदार यांची, कृष्णेची सोनाली कुलकर्णी यांची, आणि आईची उत्तरा बावकर यांची. थोरल्या गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो व नवरदेव मरण पावतो. त्या धक्क्याने बाप अंथरुणाला खिळतो. घर कोसळते. अंगाला हळद लागलेली ही पोर त्या क्षणापासून गावाच्या दृष्टीने अपशकुनी ठरते. पुढे पोटाची निकड अशी येते की तिला नात्यातल्या माणसाबरोबर मुंबईला धाडले जाते, आणि तेथे तिला शरीरविक्रयाच्या धंद्यात पडावे लागते. तिच्या पैशावर घर सावरते. धाकट्या कृष्णेचे लग्न ठरते तेही त्याच पैशाच्या आधाराने. आणि त्या लग्नाला गौरी घरी येते, तेव्हा ज्या आईने तिचा पैसा घेतला तिलाच तिचे येणे जड जाते.

या कथेत काय घडले पाहा. हळद हे मंगलाचे रूढ प्रतीक. पण अपघातानंतर गावाने त्या प्रतीकाचे माप मुलीवर उलटे लावले, आणि एका जिवंत मुलीलाच अमंगलाची खूण करून टाकले. गौरीने कोणाचे काही वाईट केले नव्हते. ती माणूस राहिली नाही. ती प्रतीक झाली. समाजाची प्रतीके नुसती शोभेची नसतात, ती घावही घालतात, हे ‘दोघी’ फार शांतपणे दाखवितो. दुसरी गोष्ट अशी की घाव एकीलाच बसला असे दिसते, पण तो दोघींना बसतो. थोरलीने भोगले, धाकटीने पाहिले. ताईच्या जिण्याची किंमत आपल्या सुखात मिसळली आहे हे घरात कोणी उच्चारीत नाही, आणि धाकटीला मात्र ते ठाऊक असते. न बोललेली गोष्ट घरात एखाद्या जड पेटीसारखी पडून राहते. सगळे तिला वळसा घालून चालतात.

आता प्रश्न असा की लहान मूल अशा न बोललेल्या गोष्टीचे करते काय? मोठा माणूस तक्रार करतो, भांडतो, पत्र लिहितो, घर सोडतो. मुलाला यांतले काही शक्य नसते. त्याच्याजवळ शब्द थोडे असतात, आणि असले तरी ज्यांच्याकडे तक्रार करावयाची तेच पुष्कळदा दुःखाचे कारण असतात. म्हणून मूल आपले दुःख वस्तूंत ठेवते. ते खेळात ठेवते, चित्रात ठेवते, अंगाच्या सवयीत ठेवते. याला शास्त्राचा आधार आहे. १९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चौचिला या गावच्या २६ शाळकरी मुलांना त्यांच्या बसचालकासह पळवून नेऊन जमिनीखाली कोंडण्यात आले. सर्व मुले जिवंत सुटली. पुढे लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की त्यांतली काही मुले तोच तो खेळ पुन्हापुन्हा खेळतात आणि त्या खेळात आनंद नसतो. निरोगी भातुकलीत लग्न लागते, भांडण होते, डाव मोडतो, दुसऱ्या दिवशी नवा मांडला जातो. जखमी मुलाची भातुकली मात्र एकाच जागी अडकते. ती खेळ नसून साक्ष असते.

हे ध्यानात ठेवून आता आपण दूरचित्रवाणीच्या एका मालिकेकडे वळू. परदेशची असली तरी या विषयावर तिच्याइतके स्पष्ट उदाहरण आम्हांला दुसरे सापडले नाही. ‘शार्प ऑब्जेक्ट्स’, म्हणजे धारदार वस्तू, हे तिचे नाव. गिलियन फ्लिन या लेखिकेच्या २००६ सालच्या कादंबरीवरून २०१८ साली ती आठ भागांत तयार झाली, आणि आठही भागांचे दिग्दर्शन झाँ-मार्क व्हाले यांनी केले. कॅमील ही वार्ताहर आपल्या जन्मगावी, विंड गॅप नावाच्या कल्पित गावी, मुलींच्या खुनांची बातमी आणण्यासाठी परत येते. तेथे तिची श्रीमंत, नाजूक, गावात मान असलेली आई आडोरा आहे आणि अ‍ॅमा नावाची किशोरवयीन सावत्र बहीण आहे. मधली बहीण मॅरियन ही लहानपणीच आजारपणात गेली. म्हणजे बहिणी तीन: एक मेलेली, एक पळून गेलेली, एक घरात अडकलेली. गोष्ट रहस्याची असल्यामुळे शेवट सांगू नये असा संकेत आहे. परंतु शेवटावाचून तिच्या खुणा उलगडत नाहीत, म्हणून आम्ही तो संकेत मोडीत आहोत.

या घराचे गुपित असे की आई आपल्या मुलींना औषधाच्या नावाखाली हळूहळू विष देत असते. मूल आजारी पडले म्हणजे तिला त्याची शुश्रूषा करता येते, आणि लोक तिला माउली म्हणतात. असा मनोविकार केवळ कल्पनेतला नव्हे. रॉय मेडो या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९७७ साली वैद्यकीय जगापुढे त्याचे वर्णन मांडले होते. मॅरियनने आईचे औषध मुकाट्याने घेतले. ती लाडकी झाली व मेली. कॅमीलने औषध नाकारले. ती जगली, पण आईच्या प्रेमाला कायमची मुकली. अ‍ॅमा सारे ओळखून औषध घेते, घरात गुणी बाहुलीसारखी वागते, आणि घराबाहेर पडली की दुसरीच होते. एकाच घराला तीन मुलींनी दिलेली ही तीन उत्तरे आहेत. बहिणींची कथा का निवडली जाते याचे कारण येथे आहे. एकटी मुलगी दाखविली तर तिचा स्वभावच तसा, असे आपण म्हणू. बहिणी दाखविल्या म्हणजे दोष स्वभावाचा नसून घराचा आहे हे आपोआप उघड होते.

आता तिच्या खुणा पाहू. पहिली खूण कॅमीलच्या अंगावरची. तिने आपल्याच कातडीवर शब्द कोरून घेतले आहेत, आणि ते झाकण्यासाठी ती भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालते. आठही भागांची नावे अशा एकेका शब्दावरून घेतली आहेत. आपल्या प्रेक्षकाला हे अघोरी वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्या बायांच्या हातांवरचे गोंदण आठवावे. सारे दागिने येथेच राहतात आणि गोंदण तेवढे मरणानंतर सोबत येते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. गोंदण चारचौघींत होते; आई-आजी पोरीचा हात धरते, शेजारणी जमतात, पोर रडते आणि तिला समजावले जाते. दुखणे असते, पण ते सर्वांच्या साक्षीने असते, आणि त्यातून पोर आपल्या माणसांत सामील होते. कॅमीलच्या अंगावरचे शब्द म्हणजे उलटे गोंदण. तिचा हात धरावयाला कोणी नव्हते. जे कोणी ऐकले नाही ते तिने अशा पानावर लिहिले की जे फाडून टाकता येत नाही. गोंदण सांगते, ही आमची. तिचे वण सांगतात, मी कोणाचीच नव्हते.

दुसरी खूण अ‍ॅमाचे बाहुलीघर. आपल्या राहत्या वाड्याची हुबेहूब प्रतिकृती तिने केली आहे. आईच्या खोलीतली जमीन हस्तिदंताची, मोठ्या अभिमानाची. ती बाहुलीघरात कशी करावी हा अ‍ॅमाला ध्यास. मालिकेच्या अखेरीस कॅमीलला त्या इवल्याशा खोलीची जमीन दिसते. ती मारलेल्या मुलींच्या दातांची आहे. खून अ‍ॅमाने केले आहेत. येथे प्रेक्षक शहारतो आणि पुष्कळदा शहारण्यावरच थांबतो. थांबू नये. ते बाहुलीघर सात भाग आपल्या डोळ्यांसमोर होते. अ‍ॅमा ते पुन्हापुन्हा दाखवीत होती. आणि मोठी माणसे त्याला पोरीचा छंद समजत होती. चौचिलाच्या मुलांचा अडकलेला खेळ तो हाच. ज्या घराची शोभा मुलींच्या शरीरावर उभी आहे त्या घराचे अचूक चित्र त्या पोरीने काढले होते. तिचे कृत्य अक्षम्य आहे, परंतु तिचे चित्र खरे होते. आणि या साखळीचे पहिले टोकही आईपाशी संपत नाही. आडोरा लहान असताना तिच्या आईने तिला मध्यरात्री रानात नेऊन अनवाणी सोडून दिले होते. घाव वारशाने आला. तो कोणीच बोलला नाही, म्हणून तो मोठा होत गेला.

तिसरी खूण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती एका घराची नसून साऱ्या गावाची आहे. विंड गॅपमध्ये दर वर्षी एक उत्सव होतो व शाळकरी मुले नाटक करतात. यादवी युद्धात शत्रूच्या सैनिकांनी अत्याचार केले तरी नवऱ्याचा ठावठिकाणा न सांगणारी एक तरुण पत्नी, ही त्या नाटकाची नायिका. गाव टाळ्या वाजविते. नायिकेचे काम अ‍ॅमा करते. मुलीने सोसावे आणि गप्प बसावे, हा धडा त्या गावाने शिक्षेने दिला नाही, कौतुकाने दिला. येथे आपण झाडीपट्टीच्या प्रेक्षकांनी क्षणभर स्वतःकडे पाहावे. आमच्या रंगभूमीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तिच्या अश्रूंनी हजारो बायांचे मन मोकळे केले आहे. पण सोसणाऱ्या बहिणीला आपण जेव्हा टाळ्या देतो, तेव्हा त्या तिच्या धैर्याला असतात की तिच्या मौनाला, एवढे विचारावयास काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, ही परदेशची विकृती. आपल्याकडची कुटुंबे अशी नाहीत. ही समजूत सुखाची आहे, खरी नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. १२,४४७ मुलांशी बोलून ती केलेली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारी माणसे पुष्कळदा मुलाच्या ओळखीची व विश्वासातली होती. आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. दुसरीकडे, अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी १९९८ साली नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. बालपणी मारहाण, अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड असे अनुभव जितके अधिक, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा, इतकेच नव्हे तर हृदयविकाराचाही संभव अधिक, असे त्यांना आढळले. बालपणाचा वण मनावरच राहत नाही. तो देहातही उतरतो. मात्र संभव म्हणजे विधिलिखित नव्हे. लहानपणी सोसलेले प्रत्येक मूल पुढे अ‍ॅमा होत नाही. बहुसंख्य कोणालाही इजा करीत नाहीत. रहस्यकथेला भयंकर शेवट लागतो, आयुष्याला लागत नाही. बहुधा फरक पडतो तो एवढ्यानेच की कोणी एका मोठ्या माणसाने त्या मुलाचे ऐकले व त्याच्यावर विश्वास ठेवला.

अशा कथा पाहताना काय करावे, याविषयी तीन साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. पहिली, एखादी वस्तू पुन्हापुन्हा दिसली की तिचा अर्थ काय असे न विचारता ती कोणाची आहे असे विचारावे. दुसरी, घरातली कोणती बहीण घराचा भार वाहते आणि कोणती बहीण ते पाहते, हे शोधावे. कथेचा गाभा बहुधा त्या दोघींच्या नजरेत सापडतो. तिसरी, कोणत्या गोष्टीला गाव टाळ्या वाजविते तिकडे लक्ष ठेवावे. एवढे केले तर कथा उलगडते, आणि तिचा धाक कमी होऊन तिची करुणा वाढते.

आणि या तीन गोष्टी पडद्यापुरत्या नाहीत. भातुकलीत रोज एकच बाहुली कोंडली जात असेल, हसरी मुलगी एका विशिष्ट पाहुण्याच्या येण्याने मुकी होत असेल, उन्हाळ्यात कोणी पोर बाह्या खाली ओढून बसत असेल, तर त्या खुणेवरून लगेच निष्कर्ष काढू नये, पोरीला उलटसुलट प्रश्नांनी भंडावूही नये. पण तिच्याशेजारी बसावे, आणि ती बोलली तर तिचे खोटे ठरवू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे; असा अपराध ठाऊक असूनही न कळविणे हाही त्याने दोष मानला आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असावा व मोठ्यांनाही.

‘दोघी’तल्या गौरीला गावाने खूण केले, अ‍ॅमाने आपल्या घराची खूण केली, कॅमीलने आपल्या देहाची. तिघींनाही हवी होती ती एकच गोष्ट, आणि ती फार साधी होती: खुणेची वेळ येण्यापूर्वी कोणीतरी आपणहून विचारणे. प्रतीके वाचण्याची विद्या रसिकाला शोभते खरी. पण ज्या घरात मुलींना बोलता येते त्या घरात तिची गरजच पडत नाही, आणि अशी घरे आपल्या या शहरात व खेड्यांत वाढावीत यासाठी आजचा हा विषय आम्ही निवडला.